सावद्याची केळी आणि समुद्राची वाट : आमची वाटचाल

वडलांच्या काळात आमचा माल उत्तरेकडे जायचा. सावदा स्टेशनातून दिल्लीला वॅगन भरायच्या, नंतर ट्रक आले. आखाती देशांत केळी पाठवायचं आम्ही ठरवलं तेव्हा पहिल्यांदा बंदराचा विचार करावा लागला, आणि रावेर तालुक्यातून मुंबईजवळचं न्हावाशेवा बंदर चारशे किलोमीटरहून लांब आहे.

निर्यातीचा माल वेगळ्या हातानं हाताळावा लागतो. घडाच्या फण्या कापायच्या, धुवायच्या, तेरा किलोच्या बॉक्समध्ये निगुतीनं बसवायच्या. मग रीफर कंटेनर, म्हणजे आत थंडी राखणारा कंटेनर. आत तेरा-चौदा अंश हवेत. त्याखाली गेलं की साल काळवंडते, वर गेलं की केळी वाटेतच पिकू लागतात. रस्त्यानं ही थंडी ट्रेलरवरच्या जनरेटरवर टिकते, बंदरात आणि जहाजावर प्लग मिळतो. म्हणून आमचा जीव जहाजात नव्हे, धुळे, नाशिक आणि कसारा घाटात अडकलेला असतो. बंदराचं गेट बंद व्हायची वेळ हुकली तर पुढच्या जहाजाची वाट पाहायची, आणि केळी वाट पाहत नाहीत. शेतातली कापणीसुद्धा आम्ही जहाजाचं वेळापत्रक पाहूनच ठरवतो. 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण परदेशी ग्राहक पाहतो तो फणीचा रंग.

त्याच वर्षीच्या कायद्यानं देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग झाले, त्यात तापीही आहे. पण हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा आणि पुढे उकाई, नदीवरच्या धरण-बंधाऱ्यांचे एवढे अडथळे ओलांडून मालाची बोट जाईल असं मला वाटत नाही. हे पाणी आधी शिवाराला हवं, केळीच्या बागा त्यावरच उभ्या आहेत.

तापीनं दिलेली खरी वाट तिच्या खोऱ्यातली आहे. जळगाव-नंदुरबार-उधना रेल्वे त्याच खोऱ्यातून कसाऱ्यासारखा घाट न चढता सुरतेकडे उतरते. जुन्या काळी बऱ्हाणपूरचं कापड सुरत बंदरात याच बाजूनं जायचं. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये, म्हणजे सुरतेहून मुंबईकडे येणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर, वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं, तेव्हापासून आमची नजर या मार्गावर आहे. थंड कंटेनरची पूर्ण रेल्वेगाडी भरायला आमच्या एकट्या फर्मचा माल पुरणार नाही. म्हणून यावल, चोपडा आणि रावेरच्या निर्यातदारांशी आम्ही आताच बोलणी सुरू केली आहेत.