आत्याचा प्लेअर आणि ‘फॉरमॅट’चं बटण

आत्या वाईला राहते. पहाटे घाटावर फिरायला जाताना तिच्या गळ्यात निळ्या गोफात अडकवलेला एक एमपीथ्री प्लेअर असतो. चार जीबीचा, काडेपेटीपेक्षा जरा मोठा. मोबाईल तिला गाण्यांसाठी नकोच असतो. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, “अगं, यातली गाणी सगळी गेली. आणि आईच्या ओव्यासुद्धा.”

ओव्या म्हणताच माझ्या पोटात गोळा आला. २०१२ मध्ये आजीला जात्यापाशी बसवून आत्याने याच प्लेअरच्या रेकॉर्डरवर तिच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. पुढच्याच वर्षी आजी गेली. त्या रेकॉर्डिंगची दुसरी कॉपी कुठेही नव्हती.

झालं होतं असं की शेजारच्या मुलाने नवीन अभंग भरताना कॉपी चालू असतानाच वायर उपसली. त्यानंतर प्लेअर सुरू व्हायचा, मेनू दिसायचा, पण आत एकही फाईल नाही. गावातल्या दुकानात दाखवलं तर कॉम्प्युटरला तो दिसेचना. “मेलाय, नवीन घ्या,” असं सांगून त्यांनी परत दिला. मी शनिवारी वाईला गेले आणि तो पुण्याला घेऊन आले.

माझ्याकडेही पहिले दोन तास तेच. वायर लावली की प्लेअरवर बॅटरीचं चित्र भरायला लागायचं, पण कॉम्प्युटर ढिम्म. इथे एक गोष्ट कान देऊन ऐकण्यासारखी आहे. विंडोजला नवीन काही जोडलं की ‘टुंग’ असा आवाज येतो. तो आवाजच येत नसेल तर ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाकत बसण्यात काही अर्थ नाही, कारण कॉम्प्युटरला समोर कुणी आलंय हेच कळलेलं नसतं. आवाज येतो आणि ड्राइव्ह दिसत नाही, तो आजार निराळा. मी मागच्या बाजूचा पोर्ट वापरून पाहिला, दुसरा लॅपटॉप पाहिला. आवाज नाहीच.

मग वायरवर संशय आला. प्लेअरबरोबरची मूळ वायर कधीच हरवली होती. आत्या वापरत होती ती कुठल्यातरी ब्लूटूथ स्पीकरबरोबर आलेली. मी ती मधोमध ब्लेडने सोलली. आत एक लाल तार, एक काळी तार आणि पांढऱ्या दोऱ्याचा पुंजका. बस्स. साध्या यूएसबी वायरमध्ये चार तारा लागतात: लाल आणि काळी विजेसाठी, हिरवी आणि पांढरी डेटासाठी. हिरवी-पांढरी नसेल तर चार्जिंग होतं, बोलणं होत नाही. दुकानदाराने आत्याचीच वायर लावून निकाल दिला होता. याचा मला खरंच राग आला. दुसरी वायर लावून बघायला एक मिनिट लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून येताना पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून मिनी यूएसबीची वायर आणली. ‘डेटावाली द्या’ असं मुद्दाम सांगितलं. घरी येऊन लावली. टुंग!

पण ड्राइव्ह नाहीच. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या यादीत, प्लेअरच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह. प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड, म्हणजे कॉम्प्युटरशी बोलायची पद्धत, ‘एमटीपी’ होता, तो मी ‘एमएससी’ केला. यातला फरक माहीत असलेला बरा. एमटीपीमध्ये मेमरीचा ताबा प्लेअरकडेच राहतो; कॉम्प्युटर फाईल मागतो, प्लेअर काढून देतो. एमएससीमध्ये अख्खी मेमरी पेनड्राइव्हसारखी कॉम्प्युटरच्या हातात येते. बिघाड आतल्या मांडणीतच, म्हणजे कुठली फाईल कुठे आहे या नोंदीतच, असेल तर एमएससीचाच मार्ग उपयोगाचा.

मोड बदलून जोडला आणि स्क्रीनवर आलं: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. फॉरमॅट करायची का?

इथे थांबा. फॉरमॅट म्हणजे मेमरी रिकामी धरून नव्याने मांडणं. मनापासून सांगते, हे बटण दाबू नका. आत एखादंही रेकॉर्डिंग, एखादाही आवाज हवा असेल तर ‘कॅन्सल’ करा. मांडणी बिघडली म्हणजे मजकूर पुसला गेला असं नसतं. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली तरी पानं जागेवर असतात.

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि ‘डीडीरेस्क्यू’ या प्रोग्रामने प्लेअरच्या मेमरीची जशीच्या तशी एक प्रत लॅपटॉपवर उतरवली. जुना प्लेअर, सावकाश चालला. तोवर मी वायरला हातसुद्धा लागू दिला नाही, मांजरालाही खोलीबाहेर ठेवलं. त्या प्रतीची आणखी एक प्रत केली आणि जे काही करायचं ते तिच्यावर. बिघडलेली मांडणी दुरुस्त करणाऱ्या ‘टेस्टडिस्क’ प्रोग्रामने तपासलं तर दोन ओळी आल्या: बूट सेक्टर खराब, बॅकअप बूट सेक्टर ठीक. बूट सेक्टर म्हणजे मांडणीची माहिती असलेला सुरुवातीचा छोटा तुकडा. या प्लेअरमध्ये होती त्या एफएटी३२ नावाच्या मांडणीत सुरुवातीच्या सेक्टरची एक नक्कल थोडं पुढे, बहुतेक वेळा सहाव्या सेक्टरवर, जपून ठेवलेली असते. ती नक्कल पहिल्या जागी लिहिली, आणि फोल्डर दिसायला लागले. अभंगांचा, नाट्यगीतांचा, आणि शेवटी रेकॉर्डिंगचा.

त्यात अकरा फायली होत्या. प्लेअरचं घड्याळ कुणी कधी लावलंच नव्हतं, त्यामुळे सगळ्यांवर एकच तारीख, १ जानेवारी. पहिली उघडली. आधी जात्याची घरघर, मग आत्याचा आवाज, “आई, म्हण गं आता,” आणि आजीचा खोकला. खोकून झाल्यावर ती म्हणाली, “थांब, दाणे तरी घालू दे.” मी तिथेच बंद केलं. बाकीचं आत्याबरोबर ऐकायचं होतं.

सगळ्या फायली तीन ठिकाणी ठेवल्यावरच प्लेअर फॉरमॅट केला, तोही त्याच्या स्वतःच्या मेनूतून, म्हणजे त्याला हवी तशी मांडणी तो स्वतः करून घेतो. मग गाणी भरली, ‘सेफली रिमूव्ह’ केलं, आणि नव्या वायरच्या दोन्ही टोकांना लाल दोरा बांधून दिला.

रविवारी वाईला गेले. आत्याने एक इअरफोन माझ्या कानात घातला, एक स्वतःच्या. चौथ्या फाईलमध्ये आजी एका ओवीत अडकते आणि आत्याला पुढची ओळ विचारते. आत्याने ती ओळ आत्ताही, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, तिला सांगितली.