तुम्ही विचारलंत म्हणून: रोज केगल करते, तरी फरक का नाही?

हा प्रश्न मला दवाखान्यात विचारतात, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात, लग्नात जेवणाच्या रांगेत उभं असताना पण हळूच बाजूला घेऊन विचारतात. "मॅडम, व्हिडिओ बघून रोज केगल करते, किती महिने झाले, तरी शिंकलं की लघवी होतेच, आता ऑपरेशनच करावं लागणार का?" (केगल म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम.) मी पेल्व्हिक फ्लोअरची, म्हणजे त्याच स्नायूंची, फिजिओ आहे, गुडघे आणि कंबर सोडून ज्या भागाबद्दल कुणी बोलत नाही तिथलं काम करते, म्हणून हे सगळं माझ्याकडेच येतं. तर एकदाच नीट लिहून ठेवते, पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळी.

थोडक्यात उत्तर असं की व्यायाम वाईट नाहीये, पण तुम्हाला नक्की कुठला व्यायाम लागणार आहे हे अजून कुणी तपासलेलंच नाहीये. व्हिडिओवाली बाई तुम्हाला तपासू शकत नाही ना.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक पडदा असतो. त्याच्यावर मूत्राशय, गर्भपिशवी, गुदाशय सगळं टेकलेलं असतं. हे स्नायू आवळले की लघवी-शौच धरून ठेवता येते हे सगळ्यांना माहिती असतं. पण लघवी करताना, शौचाला बसल्यावर, संबंधाच्या वेळी, बाळंत होताना हेच स्नायू पूर्ण सैल सोडता यायला लागतात आणि हे अर्धं काम कुणी सांगतच नाही. सगळीकडे फक्त आवळा, आवळा, दहा मोजेपर्यंत आवळा.

गंमत म्हणजे ज्यांच्या नावाने हे चाललंय ते अरनॉल्ड केगल, अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ, त्यांनी १९४८ साली हा व्यायाम छापून मांडला तेव्हा नुसतं "आवळा" असं सांगितलं नव्हतं. त्यांनी दाब मोजायचं एक यंत्र बनवलं होतं, ते आत ठेवून काटा किती हलतो ते बाईला स्वतःला दाखवायचे, म्हणजे बरोबर करतेय का चूक ते तिला तिथल्या तिथे कळायचं. पुढे व्यायाम जगभर गेला आणि ते मोजणं मात्र मागेच राहिलं. १९९१ साली अमेरिकेत ४७ बायकांवर एक छोटा अभ्यास झाला, त्यांना नुसतं तोंडी समजावून सांगितलं आणि मग मोजून बघितलं, तर साधारण निम्म्या जणींनाच ते नीट जमत होतं आणि चौथा हिस्सा बायका अशा काही जोर लावत होत्या की त्याने लघवी गळणं उलट वाढू शकेल. त्यांना निदान समोर बसून सांगणारं कुणीतरी होतं, तुम्ही तर मोबाईल कुकरला टेकवून भाजी परतता परतता करताय :)

आमच्या तपासणीत काय होतं याची लोकांना फार भीती असते म्हणून तेही सांगते. आधी नुसत्या गप्पा, अर्धा-पाऊण तास, बाळंतपणं कशी झाली, चिमटा लावला होता का, टाके किती, शौचाला कुंथावं लागतं का, रात्री किती वेळा उठता, संबंधात दुखतं का. मग तुमची हरकत नसेल तरच आतून तपासणी, आणि मध्येच नको वाटलं तर तिथेच थांबते. हातमोजा, थोडं जेल, एक बोट, बस. "आता लघवी धरून ठेवल्यासारखं करा" म्हटलं की बोटाला कळतं, स्नायू आत आणि वर ओढला जातोय का, का पोट-मांड्या-नितंब आवळून बाई श्वास कोंडून नुसता खाली जोर देतेय. ताकदीला आम्ही शून्य ते पाच असे मार्क देतो. मग "सोडा" म्हणते. खरी मजा इथे असते, कारण बऱ्याच जणींना सोडताच येत नाही, त्या म्हणतात सोडलं, आणि बोटाखाली दोरी ताणल्यासारखी तशीच. तुमची मूठ आधीच आवळलेली असेल तर ती आणखी काय आवळणार, आणि त्या हाताने काही उचलणार तरी कसं? अशा बाईने रोज दोनशे केगल केले की होतं काय, स्नायू आणखी आखडतो, थकतो, आणि शिंक आली की ऐनवेळी दगा देतो.

एक शिक्षिका यायच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत. शाळेतलं टॉयलेट वापरण्यासारखं नाही म्हणून सकाळी घरून निघताना एकदा आणि संध्याकाळी परत आल्यावर एकदा, दिवसभर पाणी नाही, आणि वर्षानुवर्षं असं धरून धरून ते स्नायू सैल व्हायचं विसरूनच गेले होते. घराचं कुलूप काढेपर्यंत धीर निघायचा नाही, दारातच लघवी व्हायची. त्यांनी व्हिडिओ बघून जोरात केगल सुरू केले आणि त्रास वाढला, वर ओटीपोटात दुखायला लागलं. त्यांना मी पहिले काही आठवडे एकही केगल दिला नाही. पोटातून सावकाश श्वास घ्यायला शिकवलं, श्वास आत घेताना छाती-पोटामधला पडदा खाली येतो आणि त्याच्याबरोबर हा खालचा पडदाही थोडा खाली उतरतो, तो उतरू द्यायचा, एवढंच. दिवसभर पाणी थोडं थोडं विभागून. आणि कुलपाशी घाई लागली की पळायचं नाही, जागच्या जागी उभं राहायचं, पाच-सहा वेळा झटपट आवळून सोडायचं, लाट ओसरली की मग शांतपणे चालत जायचं. (तुम्ही म्हणाल आता का आवळायचं, तर हे आवळणं झटपट आणि लगेच सोडायचं असतं, त्याने मूत्राशयाला "थांब" असा निरोप जातो. पण सोडता यायला लागल्यावरच हे शिकवते.)

पण मी हे सगळं सुरू करायच्या आधी त्यांची लघवी तपासून घेतली होती, शुगर बघून घेतली होती, आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीत बघायला सांगितलं होतं. इन्फेक्शन असेल तर मी कितीही श्वास शिकवले तरी जळजळ आणि घाई जाणार नाही. शुगर वाढलेली असेल तर लघवी जास्त होणारच. मूत्राशय रिकामंच होत नसेल तर ते काम आधी युरॉलॉजिस्टचं. एकाच माणसाने सगळं बघायचं असा हा विषयच नाही, आणि मला वाटतं आपल्याकडे पेशंटचं नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं. लघवीसाठी एक डॉक्टर, अंग बाहेर येतं म्हणून दुसरे, बद्धकोष्ठाला तिसरे, आणि तिघांच्या फायली तीन पिशव्यांत. स्नायू मात्र तोच एक.

बद्धकोष्ठाचंच घ्या. गुदाशयाभोवती मागून एक स्नायू पट्ट्यासारखा फिरलेला असतो, तो आवळलेला असला की तिथे वळण पडतं आणि शौच थांबते, बसल्यावर तो सैल पडला की वाट सरळ होते. काही लोकांमध्ये हे उलटं होतं, कुंथलं की तो सैल पडायच्या ऐवजी आणखी आवळतो. माणूस चूर्ण घेतो, इसबगोल घेतो, एनिमा घेतो, मूळव्याधीचं ऑपरेशन करून घेतो, तरी सकाळचा अर्धा तास आत जातोच. याच्यासाठी मॅनोमेट्री नावाची दाबाची तपासणी असते, आणि एक अगदी साधी टेस्ट म्हणजे छोट्या फुग्यात ५० मिली पाणी भरून तो बाहेर टाकता येतो का ते बघतात. तिथे अडलं तर बायोफीडबॅक, म्हणजे स्क्रीनवर स्वतःचा स्नायू बघत तो सोडायला शिकायचं. हे पोटाच्या डॉक्टरांनी ओळखून पाठवायचं आणि आम्ही शिकवायचं, असं दोघांचं काम आहे. आणि हो, गुडघे दुखतात म्हणून घरात कमोड बसवला आणि तेव्हापासून पोट साफ होत नाही, असं सांगणारे काका-काकू कितीतरी. पायाखाली बुटकं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्यात, पुढे झुका. भारतीय बैठकीत हे आपोआप होत होतं.

अंग बाहेर येतं त्या बायकांचं वेगळं. सुरुवातीच्या पायरीवर व्यायामाने ओढ, जडपणा कमी होतो, थोडं पुढे गेलेलं असेल तर गायनॅक मॅडम रिंग पेसरी, म्हणजे आतून आधार देणारी कडी, बसवतात, पाळी गेल्यानंतर कोरडेपणा असेल तर कधी क्रीम देतात, आणि खूपच बाहेर असेल तर ऑपरेशन, त्यात लाज नाही का हार नाही. पण "पिशवी काढून टाका म्हणजे कटकट मिटेल" हे जे सहज म्हटलं जातं ना, त्याचा मला राग येतो. पिशवी काढली म्हणून तळाचे स्नायू बळकट होत नाहीत, पुढे योनीचा वरचा भागच खाली उतरू शकतो. बीडच्या ऊसतोड बायकांचा विषय २०१९ मध्ये गाजला, सरकारने समिती नेमली, पाहणी केलेल्या ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्या सगळ्यांची कारणं एक नव्हती, पण पोटात दुखणं, अंगावरून जाणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बाईला आधी औषध, व्यायाम, तपासणी हे रस्ते कुणी दाखवले असतील असं तुम्हाला वाटतं? त्याच्या खूप आधी, १९८९ साली, डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासून तो अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

इंग्लंडमध्ये जाळीच्या (आत आधाराला प्लॅस्टिकची जाळी बसवायच्या) ऑपरेशनांनंतर इतक्या बायकांना त्रास झाला की २०१८ मध्ये लघवीसाठी आणि अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गातून जाळी बसवणंच थांबवलं. तिथल्या २०१९ च्या नियमावलीत असं आहे की खोकताना लघवी होत असेल तर आधी निदान तीन महिने फिजिओच्या देखरेखीखाली व्यायाम, दिवसातून तीनदा, दर वेळी कमीत कमी आठ, आणि तरी ऑपरेशनची वेळ आलीच तर केस वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत मांडायची. "देखरेखीखाली" हे नीट वाचा.

आपल्याकडे कुठे एवढी बैठक, असं म्हणाल. अहो, टीमसाठी मोठं हॉस्पिटलच लागतं असं नाही. आमच्या गावात माझ्या फोनमध्ये एक गायनॅक, एक युरॉलॉजिस्ट, एक पोटाचे सर्जन, एक आहारतज्ज्ञ आणि एक समुपदेशक असे नंबर आहेत आणि आम्ही एकमेकांचे फोन उचलतो, झाली टीम. समुपदेशक कशाला? लग्नाला कितीतरी वर्षं झालीत, संबंधच होऊ शकलेले नाहीत, आत काही जायच्या आधीच सगळं आवळून बसतं, आणि घरचे मूल होत नाही म्हणून थेट आयव्हीएफवाल्यांकडे घेऊन चाललेत, अशा मुली येतात. स्नायू सोडायला मी शिकवीन, डायलेटर, म्हणजे योनीमार्गाला सवय व्हावी म्हणून वापरायच्या गुळगुळीत नळ्या, बारीकपासून हळूहळू वापरायला शिकवीन, पण भीती कुठून आली ते ऐकायला वेगळा कान लागतो. आणि या मुलींना केगल? चुकूनही नाही.

ज्यांचे स्नायू खरंच कमजोर आहेत त्यांना मात्र मी मनापासून केगलच देते. शिवाय शिंक किंवा खोकला येणार असं वाटलं की त्याच्या क्षणभर आधी आवळायचं, बादली उचलायच्या आधी आवळायचं, ही सवय एकदा लागली की रोजच्या गळण्यात फरक दिसायला लागतो. वजन जास्त असेल तर थोडं कमी झालेलंही उपयोगी पडतं. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी गळणाऱ्या काकांनाही हेच, खरं तर ऑपरेशनच्या आधीच शिकून घेतलं तर बरं. आणि लघवी मध्येच तोडून व्यायाम करायचा हे कुणीतरी सांगितलेलं असतं, ते रोज करू नका, मूत्राशय अर्धवट भरलेलं राहतं.

पैशाचं म्हणाल तर बहुतेक मेडिक्लेम ओपीडीतली फिजिओ धरत नाहीत. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर अशा १० बैठका सरकारी विम्यातून मिळतात, आपल्याकडे बाईला सव्वा महिना शेक-शेगडी आणि डिंकाचे लाडू मिळतात. लाडवांना माझा विरोध नाही.

लघवीतून रक्त जात असेल तर व्यायामबियाम नंतर, आधी डॉक्टर. आणि कंबर-पाय दुखत असताना अचानक बसायच्या जागेला बधीरपणा आला, लघवी कळेनाशी झाली किंवा अडली, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच इमर्जन्सी गाठा, मणक्यातली नस दबलेली असू शकते.

बाकीच्यांनी माझ्याकडे, किंवा तुमच्या गावातल्या कुणाही पेल्व्हिक फिजिओकडे जाताना आधीचे रिपोर्ट आणि तीन दिवसांची वही घेऊन जा. किती वाजता काय प्यायलात, चहासकट, किती वाजता लघवी झाली, किती झाली, कधी गळली आणि तेव्हा काय करत होतात. "किती" म्हणजे मोजून, मिलीमध्ये, "थोडी" आणि "बरीच" असं लिहू नका. त्यासाठी प्लॅस्टिकचा मेजरिंग कप मिळतो, तो नवीन आणा आणि बाथरूममध्येच ठेवा, केकवाला वापरू नका, एकीने वापरला होता आणि सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी त्यातच मैदा मोजला.