तळघरातली पाटी

आज तळघर आवरताना २००४ सालची केरी-एडवर्ड्सची, म्हणजे अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतल्या डेमोक्रॅटिक जोडीची, प्रचाराची पाटी सापडली. तारेच्या पायांना अजून अंगणातली माती चिकटलेली. हातात घेऊन तशीच पायरीवर बसले.

माझं ते पहिलंच मत. ओहायो राज्यातल्या कोलंबसमध्ये दिवसभर पाऊस, आणि रांग एवढी की साडेचार तास उभी होते. पुढचे-मागचे ओळखीचे झाले, कुणीतरी छत्री धरली, कुणी कॉफी आणली. घरी आले ती जिंकल्यासारखीच. दुसऱ्या दिवशी केरींनी हार मान्य केली. आमच्या ओहायोनेच, लाख-सव्वा लाख मतांनी, निकाल बुश यांच्याकडे फिरवला. इराकमध्ये तोवर अकराशेहून जास्त अमेरिकन सैनिक गेले होते. तिथल्या माणसांची तर धड मोजदादही नव्हती. मला जेवण जाईना.

संध्याकाळी शेजारच्या आजी आल्या. नातू तिकडेच, सैन्यात. मी पाटी उपटत होते. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "राहू दे गं. तो परत येईपर्यंत राहू दे."

पाटी फेब्रुवारीपर्यंत बर्फात उभी होती. नातू आला. २००६ मध्ये काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, डेमोक्रॅट्सकडे पालटली, २००८ मध्ये ओहायोही. युद्ध मात्र लगेच थांबलं नाही, हे अजून सलतं.

पाटी पुसून भिंतीला टेकवून ठेवलीय. लेक यंदा अठराची होतेय, तिला मतदार नोंदणीचा अर्ज भरायचाय.