त्वरणावरून वेग काढताना स्थिरांक विसरू नका

दोलन करणाऱ्या त्वरणाचं इंटिग्रेशन बहुतेकांना जमतं. गाडी अडते ती स्थिरांकापाशी (सुरुवातीच्या वेगाशी जुळवून उत्तरात मिळवायची संख्या), आणि उत्तराचं सगळं रूप त्या स्थिरांकावरच ठरतं.

समजा, कण सुरुवातीला स्थिर आहे आणि त्वरण = ए साइन(ओमेगा टी). इथे ए म्हणजे त्वरणाची कमाल किंमत, टी म्हणजे वेळ आणि ओमेगा म्हणजे 2π गुणिले वारंवारता. बरीच मुलं वेग = −(ए/ओमेगा) कॉस(ओमेगा टी) लिहून मोकळी होतात. टी = 0 घालून पाहा. वेग −ए/ओमेगा येतो, म्हणजे कण स्थिर नव्हताच! स्थिरांक धरला की:

वेग = (ए/ओमेगा) [1 − कॉस(ओमेगा टी)]
विस्थापन = (ए/ओमेगा) टी − (ए/ओमेगा²) साइन(ओमेगा टी)

हा वेग कधीच ऋण होत नाही. पहिल्या अर्ध्या आवर्तनात तो वाढत 2ए/ओमेगा होतो, दुसऱ्या अर्ध्यात तेवढाच कमी होऊन शून्यावर येतो. मागे जायची वेळ येतच नाही, की पुढचं आवर्तन सुरू. ए = 2 मीटर/सेकंद² आणि वारंवारता 5 हर्ट्झ घ्या. ओमेगा 31.4, दोलनाचा आयाम जेमतेम 2 मिलिमीटर. पण कण दर सेकंदाला सरासरी 6.4 सेंटिमीटर पुढे सरकतो. 10 सेकंदांत 64 सेंटिमीटर.

साइनऐवजी कॉस असता तर? वेग = (ए/ओमेगा) साइन(ओमेगा टी), विस्थापन = (ए/ओमेगा²) [1 − कॉस(ओमेगा टी)]. कण 0 ते 4 मिलिमीटरमध्ये फिरत तिथेच राहतो. बल तेच, फक्त घड्याळ पाव आवर्तन उशिरा सुरू केलं. मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

त्वरण मोजणाऱ्या सेन्सरची नोंद घेऊन हेच करायचं तर अडचण वाढते. सेन्सरचा शून्य फक्त 0.01 मीटर/सेकंद² ने चुकला, तरी एका मिनिटात वेगात 0.6 मीटर/सेकंद आणि विस्थापनात 18 मीटर खोटे जमा होतात. मोबाइल 1 अंश कलला तर गुरुत्वाकर्षणाचा 0.17 मीटर/सेकंद² एवढा भाग नोंदीत घुसतो. शिवाय प्रत्येक इंटिग्रेशन ओमेगाने भागतं, त्यामुळे 0.1 हर्ट्झचा गोंगाट 5 हर्ट्झच्या खऱ्या संकेताच्या तुलनेत वेगात 50 पट आणि विस्थापनात 2500 पट फुगतो.

म्हणून आधी त्वरणाची सरासरी वजा करा, तीही पूर्ण आवर्तनांवरच काढलेली. मग हाय-पास फिल्टर (हळू बदलणारा भाग गाळून टाकणारा) लावा, समलंब पद्धतीने (शेजारच्या दोन नोंदींची सरासरी गुणिले मधला वेळ, अशी बेरीज करत) वेग काढा, वेगात हळूहळू साचत गेलेला चढ किंवा उतार काढून टाका आणि त्यानंतरच दुसरं इंटिग्रेशन करा. एका आवर्तनात 10 नमुने (मोजलेल्या नोंदी) असतील तर या पद्धतीने वेग सुमारे 3 टक्के कमी येतो. 20 असतील तर चूक 1 टक्क्याच्या आत राहते.

मात्र फिल्टरला खरं सरकणं आणि खोटं सरकणं यातला फरक कळत नाही. वरच्या साइनच्या उदाहरणावर तो चालवलात तर खरे 64 सेंटिमीटरही पुसले जातील. वस्तू जागच्या जागी हलते, किंवा शेवटी थांबते, हे बाहेरून ठाऊक असावं लागतं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयना धरणातल्या यंत्राने नोंदलेलं सर्वाधिक त्वरण सुमारे 0.63 जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) होतं. अशा भूकंपनोंदीची आधाररेषा (शून्याची रेषा) दुरुस्त करताना धरला जाणारा आधार साधा असतो: हादरे थांबल्यावर जमिनीचा वेग शून्यच असला पाहिजे.