चाल गेली कुठे?

जॅझची रेकॉर्ड कुणाला ऐकवली की दीड-दोन मिनिटांत हा प्रश्न येतोच: 'सुरुवात छान होती हो, पण आता चाल गेली कुठे?' विचारणारे बरेचदा रागसंगीतात मुरलेले असतात, म्हणून मला गंमत वाटते. गवई मुखडा घेऊन अर्धा तास हिंडून येतो, तेव्हा बंदिश कुठे गेली असं कुणी विचारत नाही. ठेका चालू असतो आणि समेवर मान आपसूक हलते.

इथेही तसंच आहे. खात्री करून घ्यायची तर बिल एव्हान्सच्या त्रिकुटाचा 'पोर्ट्रेट इन जॅझ' लावा. २८ डिसेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला हा अल्बम. पियानोवर एव्हान्स, बासवर, म्हणजे खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर, स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. नवख्यांच्या हातात सगळे त्याच वर्षीचा माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' देतात. एव्हान्स त्यातही आहे आणि अल्बम थोर आहे, वादच नाही. पण तो सहा जणांचा ताफा. सुरुवातीला कानाला तीन वाद्यं पुरेत.

त्यातलं 'ऑटम लीव्ह्ज' घ्या. मूळ फ्रेंच गाणं, चाल जोझेफ कोझ्माची. चार-चार मात्रांचे ३२ बार, म्हणजे १२८ मात्रांचं एक आवर्तन. रागाच्या जागी कॉर्ड्सचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचा, ठरलेला क्रम. चाल वाजवून झाली तरी हे आवर्तन थांबत नाही; फक्त वरचे स्वर बदलतात.

एरवी बासवाला दर मात्रेला एक स्वर देत चालत राहतो, तबल्याच्या सोलोत लेहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी धून, धरावा तसा. त्याच्या आधारावर ऐकणारा निर्धास्त असतो. पण इथे चाल संपते आणि लाफारो चालायचंच नाकारतो. एक तुकडा टाकतो, थांबतो. एव्हान्स अर्धवट उत्तर देतो, ते पुरं व्हायच्या आत लाफारो मध्ये बोलतो. मोशन थोडा वेळ गप्प, मग हळूच त्यांच्यात शिरतो. साथ कोणाची आणि सोलो कोणाचा, सांगता येत नाही. तुमचा पाय सुटतो तो नेमका इथे.

या जागी एक करा: मूळ चाल मनातल्या मनात गुणगुणत राहा, बिनधास्त. ते दोघं काहीही बोलोत, तुम्ही तुमचे ३२ बार सोडू नका. आवर्तनं पुरी झाली की बास चालू लागतो, पियानो मोकळा सुटतो, आणि तुम्ही त्यांच्याबरोबर बरोब्बर पहिल्या बारवर असता. एकदा ही सम सापडली की पुढचं सांगावं लागत नाही.

लाफारो तेव्हा जेमतेम २३ वर्षांचा होता. या तिघांचे स्टुडिओतले अल्बम दोनच. दुसरा 'एक्सप्लोरेशन्स', फेब्रुवारी १९६१चा. त्याच वर्षी ६ जुलैला मोटार अपघातात लाफारो गेला. त्याच्यानंतर बासवाल्यांनी नुसतं चालत राहणं बरंच कमी केलं, असं माझं मत.

'ऑटम लीव्ह्ज'चे दोन टेक नंतरच्या आवृत्त्यांत मिळतात, एक स्टिरिओ, एक मोनो. दोन्ही लागोपाठ ऐका. आवर्तन तेच, बोलणं निराळं. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर नको. त्यावर बास ऐकूच येत नाही.