तूऽला देतो

दुपारी जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात खालून एका चिमुरडीचा आवाज आला, "ये रे ये रे पावसा..." बाहेर आभाळ ठणठणीत कोरडं. माझा अंगठा मात्र बोटांच्या पेरांवरून चालू लागला. ही खोड जुनी आहे. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचतानाही मी मात्रा मोजतो.

बाईंनी फळ्यावर 'यमाताराजभानसलगं' हे तीन-तीन अक्षरांचे गण ओळखायचं सूत्र लिहिलं त्या दिवशी ती जडली. लघू अक्षराची एक मात्रा, खूण अर्धचंद्र; गुरूच्या दोन, खूण आडवी रेघ. भुजंगप्रयात वृत्त म्हणजे ओळीत चार 'य' गण, 12 अक्षरं, 20 मात्रा, हिशेब चोख. त्या भरात वहीच्या मागच्या पानावर मी हेच पावसाचं गाणं घेतलं आणि तोंडघशी पडलो. चार ओळींच्या मात्रा आल्या 13, 11, 12, 13. तीनदा मोजल्या. शेवटी वही बाईंपुढे धरली. "अरे, मोजतोस काय? म्हणून बघ की!"

म्हटलं. 'पावसा'चा 'पाव्सा' झाला, एक मात्रा गळाली. 'तुला'चा 'तूला' झाला, एक वाढली. 'पाऊस'मधला ऊ आखडला. चारही ओळी मुकाट 12 वर आल्या. वहीतली खाडाखोड तेवढी राहिली.

यमकाचंही तसंच. पावसा-पैसा यांत जुळतो तो नुसता 'सा'. खोटा-मोठा? एकीकडे ट, दुसरीकडे ठ. कडक परीक्षकानं दोन्ही जोड्यांवर लाल रेघ मारली असती. कानाला कधी खटकलंय? आणि तो पैसा! दुसऱ्या ओळीच्या शेवटी ठेवला, तिसरीच्या तोंडाशी लगेच उचलला. याला पुनरावृत्ती म्हणायचं. मला तर दिसतो पुढे केलेला आणि तसाच मागे घेतलेला हात. पैसा खोटा निघाला तोही पुढे 'मोठा' यायचा होता म्हणूनच, असा माझा जुना संशय आहे. यमकापायी माणसं काय काय करतात.

खालची पोर 'देतो' नव्हे, 'देते' म्हणत होती. बरोबरच आहे, मात्रा तेवढ्याच. पण तिसऱ्या ओळीशी तिची गाडी अडायची. 'पैसा झाला...' की थांबायची, आणि पुन्हा 'ये रे ये रे'. पुढचं आठवत नसावं. का पैसा खोटा करायचाच नव्हता तिला, कोण जाणे. वरून सांगावं म्हणून मी उठलो, खिडकीपर्यंत गेलोही.

मग राहू दिलं.