रिफ्रेश मारलं आणि ऑगस्टचा जीएसटीच बदलला

ऑक्टोबर 2025 मधली गोष्ट. सकाळी सकाळी साहेबांचा फोन, "अगं, ऑगस्टचा टॅक्स एवढा कमी कसा दाखवतोय? रिटर्न तर कधीच भरून झालंय!"

मी एका डिस्ट्रिब्युटरकडे एमआयएस, म्हणजे साहेबांना लागणारे आकड्यांचे रिपोर्ट, बघते. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून डेटा एक्सेलला काढायचा, पॉवर बीआय या रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा, दर सोमवारी रिफ्रेश मारायचं म्हणजे ताजा डेटा येतो, वर्षभर बिनबोभाट चाललेलं. बघितलं तर विक्री बरोबर, बिलांची संख्या बरोबर, फक्त टॅक्स चुकलेला. फाइल अर्धवट आली असेल म्हणून परत एक्स्पोर्ट, परत रिफ्रेश, तरी तेच. शेवटी टोटलकडे बघणं सोडलं आणि एकच बिल धरलं. ऑगस्टचं, टूथपेस्टचं, टॅक्सेबल 8,000. बिलावर 18 टक्क्यांनी जीएसटी 1,440 आणि रिपोर्टमध्ये 400. म्हणजे 5 टक्के!

22 सप्टेंबरला नवे रेट लागू झाले ना, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल 18 वरून 5 वर आलं, तूप-बटर 12 वरून 5 वर. मी त्याच दिवशी एचएसएनच्या, म्हणजे मालाच्या जीएसटी कोडप्रमाणे रेट लिहिलेल्या, शीटमधला 18 पुसून 5 टाकला होता. आणि टॅक्सची रक्कम निघत होती कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये, म्हणजे पॉवर बीआयमध्ये सूत्र लिहून बनवलेल्या कॉलममध्ये, लुकअपव्हॅल्यू या फंक्शनने त्याच शीटमधून रेट उचलून. बऱ्याच जणांना वाटतं की हा कॉलम एकदा मोजला की आकडा तसाच राहतो, पण तसं नाहीये, दर रिफ्रेशला तो सगळ्या ओळी नव्याने मोजतो, अगदी दोन वर्षांपूर्वीच्यासुद्धा. त्यामुळे सगळ्या जुन्या बिलांना नवा रेट लागला, कुठे एरर नाही काही नाही, आणि दोन आठवडे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला याचीच जास्त भीती वाटते.

मग त्याच एचएसएनची जुन्या रेटची ओळ परत टाकून बघितली, तर लुकअपव्हॅल्यूला दोन उत्तरं मिळायला लागली आणि त्याने एरर दिला. म्हणून पॉवर क्वेरीत, म्हणजे पॉवर बीआयमधल्या डेटा तयार करायच्या भागात, बिलं आणि रेटची शीट मर्ज केली, म्हणजे एचएसएनवरून एकमेकांना जोडली, ते चाललं, पण टूथपेस्टच्या प्रत्येक ओळीच्या दोन ओळी झाल्या आणि विक्रीच डबल! एरर आलेला परवडला. शेवटी रेटच्या शीटला 'पासून' आणि 'पर्यंत' अशा तारखा लावल्या, बिलाची तारीख ज्या मुदतीत बसेल तोच रेट घ्यायचा. ऑगस्ट जुळला.

ऑक्टोबर मात्र थोडा हललेला. कारण ऑगस्टमध्ये 18 ने विकलेला माल आता परत येत होता, त्याची क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद, मूळ बिलाच्या रेटने म्हणजे 18 नेच निघते, पण तारीख ऑक्टोबरची म्हणून माझा कॉलम तिला 5 लावत होता. तेव्हा ठरवलं, टॅक्स आपण मोजायचाच नाही, व्हाउचरवर, म्हणजे टॅलीतल्या त्या बिलाच्या किंवा नोटेच्या नोंदीवर, सीजीएसटी-एसजीएसटीची जी रक्कम आहे तीच घ्यायची. ती एकदा लागली की रेट कितीही बदलू दे, हलत नाही.

रेटची शीट काढली नाही, आता ती फक्त तपासायला ठेवलीय. व्हाउचरचा टॅक्स आणि शीटवरून मोजलेला टॅक्स यात एक रुपयापेक्षा जास्त फरक असेल ती ओळ वेगळ्या पानावर येते आणि सोमवारी रिफ्रेश झालं की मी आधी तेच पान उघडते. पहिल्याच सोमवारी सात ओळी निघाल्या, सातही क्रेडिट नोटा.